व्हेंटिलेटर नको, असं लिहून ठेवता येतं का?

नाडकर्णी आजोबा (ए-१०१): मंडळी, एक शंका. शुद्ध गेली आणि परत येण्यासारखी नसली तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, असं लिहून ठेवायचं म्हणतोय. मुलगा पुण्याहून ओरडतो, "बाबा, हे इच्छामरण. गुन्हा आहे." खरं काय?

वैशाली (बी-४०२): आजोबा, सकाळी सकाळी काय हे! आमच्या मालिकेत आठ महिने कोमात होती. सासूने आरती ओवाळली आणि बोट हललं.

कदम सिस्टर (बी-२०३): वैशाली, ३२ वर्षं ड्यूटी केली. आरतीने उठलेला पेशंट पाहिला नाही. बोट आपोआपही हलतं गं. पण ते हललं म्हणून पोराने घर गहाण टाकलेलं पाहिलंय.
आजोबा, गुन्हा नाही. इंजेक्शन देऊन मारणं हा गुन्हा. निरुपयोगी उपचार थांबवणं वेगळं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं शुद्धीविना पडून होती. तिच्या निकालात, मार्च २०११ ला, सुप्रीम कोर्टाने हा फरक मान्य केला. २०१८ ला घटनापीठाने लिव्हिंग विललाही, म्हणजे तुम्ही म्हणताय तसं आधीच लिहून ठेवायला, मान्यता दिली.

वैशाली: मग अरुणाला का नाही सोडवलं?

कदम सिस्टर: ती व्हेंटिलेटरवर नव्हतीच. कालवून भरवलेलं खायची. थांबवणार काय, जेवण? तिला जाऊ द्या, असा अर्ज पत्रकार पिंकी विराणींनी केला होता, आणि केईएमच्या नर्सेस नको म्हणाल्या. १९७३ पासून त्याच तिचं सगळं करत होत्या. कोर्टानेही तिची जवळची माणसं म्हणजे हॉस्पिटलचा स्टाफच, असं धरलं. २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनियाने गेली. मी तेव्हा नर्सेसच्या बाजूची होते, आजही आहे. आणि स्वतःसाठी मात्र कागद करून ठेवलाय. तिला काय हवं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं तरी असू दे.

शहाभाई (सी-५०१): आमच्या जैनांत संथारा आहे, शेवटी अन्न-पाणी सोडून देहत्याग करायचं व्रत. आजीने घेतला होता, घरात रोज स्तवनं चालायची. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने त्याला आत्महत्या ठरवलं. आमच्या समाजाने मूक मोर्चे काढले. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली.

पटवर्धन काका (ए-४०३): आपल्याकडेही प्रायोपवेशन, अन्न सोडून देह ठेवणं, आहेच की. सावरकरांनी १९६६ ला केलं, विनोबांनी १९८२ ला पवनारला अन्न-औषध सोडलं. एरवी या दोघांचं कशात जमलं असतं कोण जाणे!

कदम सिस्टर: काका, ते दोघे शुद्धीत होते, शहाभाईंची आजीही. आजोबा विचारतायत ते शुद्ध गेल्यावरचं.

लोपीस सर (बी-३०१): आमचं चर्च इच्छामरणाच्या विरोधात आहे, कडक. पण अवाजवी उपचार नाकारायला हरकत नाही. पोप बारावे पायस १९५७ लाच भूलतज्ज्ञांना हे सांगून गेले. नळीने अन्न-पाणी देणं थांबवायला मात्र चर्च सहसा तयार नसतं. तिथे सिस्टर आणि आमचे फादर भांडतील.

वैशाली: 'गुजारिश'मध्ये हृतिक गोव्याच्या कोर्टात जातो ना? बाई, काय रडले होते मी!

लोपीस सर: तो दुसऱ्याच्या हातून मरण मागत होता, ते आजही मिळत नाही. गंमत अशी की २०२४ ला लिव्हिंग विल अमलात आणण्यात गोवाच पुढे होता. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी स्वतःचं केलं.

नाडकर्णी आजोबा: पण मला आवरायचं म्हणून पोरगं घाई करणार नाही ना?

कदम सिस्टर: पोराच्या एकट्याच्या हातात नसतंच ते. कागदाला दोन साक्षीदार लागतात, शिवाय नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. २०२३ पर्यंत मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून कुणी करायचंच नाही. वेळ आली की आधी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं. दोन्ही हो म्हणाली तरच. आणि उपचार थांबवले तरी वेदनेचं औषध बंद होत नाही, अंग पुसणं बंद होत नाही. आमचं काम तर तिथूनच वाढतं.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या १० ते १ टाकी सफाई, पाणी भरून ठेवावे.
सिस्टर, साक्षीदार शेजारचे चालतात का?

कदम सिस्टर: घरच्यांपेक्षा बरे. ज्याला तुमच्या फ्लॅटमधलं काही मिळायचं नाही असा बघा.

पटवर्धन काका: मग मी आहे. मला याच्या फ्लॅटमधलं लीकेजच मिळतं.

नाडकर्णी आजोबा: थांबा. मुलाचा फोन येतोय. तोही या ग्रुपवर आहे, विसरलोच होतो.