शाळेतून मुलांची माहिती फुटली, तर आधी दावा लावावा की आधी क्रेडिट गोठवावे?

एडिसनकर (धागालेखक)

डिसेंबर २०२४च्या अखेरीस पॉवरस्कूल या कंपनीच्या प्रणालीतून अमेरिका आणि कॅनडातील असंख्य शाळांची माहिती चोरीला गेली. विद्यार्थ्यांचे पत्ते, जन्मतारखा, गुण, पालकांचे संपर्क आणि काही ठिकाणी आरोग्याच्या नोंदीही या प्रणालीत असतात. शिवाय काही स्कूल डिस्ट्रिक्टनी (एका भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थांनी) तिच्यात मुलांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे कर्ज आणि करासाठी लागणारे सरकारी ओळख क्रमांक, भरून ठेवले होते. ग्राहकसेवेच्या पोर्टलचे एक चोरलेले लॉगिन चोराला पुरेसे ठरले. कंपनीने खंडणी दिली, माहिती नष्ट केल्याची चित्रफीत तिला दाखवण्यात आली, आणि तरीही मे २०२५ मध्ये त्याच माहितीच्या जोरावर निरनिराळ्या डिस्ट्रिक्टना पुन्हा धमक्या आल्या. गुन्हा कबूल केलेल्या मॅसॅच्युसेट्समधील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये चार वर्षांची कैद झाली आणि सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर भरपाईचा आदेश देण्यात आला.

या प्रकरणानंतर अमेरिकेतील आपल्या पालकांच्या गटांत एकच प्रश्न फिरत राहिला: कोणत्या वकिलाकडे नाव नोंदवायचे? माझे मत असे, की हा प्रश्न चुकीच्या जागी सुरू होतो. न्यायालयातून मिळायचे ते काही वर्षांनी मिळेल. मुलाच्या क्रमांकावर कर्ज मात्र आजच कोणी काढू शकेल. लहान मुलाच्या नावावर पतइतिहास नसतो, आणि नेमके तेच चोराला हवे असते, कारण मूल अठरा वर्षांचे होऊन स्वतःसाठी कर्ज मागेपर्यंत घरात कोणालाही संशय येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे क्रेडिट गोठवणे, अर्थात त्या नावावर नवे कर्ज निघू न देणे, आणि तो २०१८पासून संपूर्ण अमेरिकेत मोफत आहे. मूल सोळा वर्षांखालील असेल, तर इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या पतइतिहासाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे पालकाने स्वतंत्र अर्ज करायचा. सोबत मुलाचा जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, पालकाचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती जोडाव्या लागतात. मुलाच्या नावाची नोंद अस्तित्वात नसेल, तर ती केवळ गोठवण्यासाठी तयार केली जाते. हे सहसा टपालाने करावे लागते, कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण कंपनीने देऊ केलेल्या दोन वर्षांच्या मोफत देखरेखीवर समाधान मानतात. देखरेख म्हणजे चोरी झाल्यावर वाजणारी घंटा. गोठवणे म्हणजे दाराला कुलूप. सहा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांची घंटा काय कामाची?

दाव्यांबद्दल मी निराशावादी आहे, आणि त्याला कारण आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदींचा १९७४चा संघीय कायदा, म्हणजे फेर्पा, मोडला म्हणून पालकाला स्वतः दावा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये गोंझागा विद्यापीठाच्या खटल्यात स्पष्ट केले. पुढे २०२१च्या ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ निकालात, कंपनीने नोंदीत चुकीची माहिती ठेवलेल्या ८,१८५ जणांच्या गटापैकी केवळ १,८५३ जणांचा भरपाईचा हक्क टिकला, कारण उरलेल्यांची चुकीची माहिती कोणा तिसऱ्यापर्यंत पोहोचलीच नव्हती आणि नुसता भविष्यातील धोका न्यायालयाला पुरेसा वाटला नाही.

सह्याद्रीपार

आपली माहिती अचूक आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. रामिरेझ निकाल आपण जितका गडद रंगवला आहे तितका तो पालकांच्या विरोधात नाही. तिथे उरलेल्या लोकांची माहिती संस्थेच्या फायलीतच पडून होती. इथे ती गुन्हेगाराच्या हातात पोहोचली आणि तिच्या आधारे खंडणीही मागितली गेली. या फरकावरच वकील युक्तिवाद करतात, आणि कनिष्ठ न्यायालयांनी चोरीला गेलेल्या माहितीच्या काही प्रकरणांत तो मान्यही केला आहे. फेर्पाचे दार बंद असले तरी निष्काळजीपणा, राज्यांचे ग्राहकसंरक्षण कायदे आणि गोपनीयतेचे कायदे ही दारे उघडी राहतात. पॉवरस्कूलविरुद्धचे संघीय न्यायालयांतील दावे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण जिल्ह्यातील न्यायालयात एकत्र करण्यात आले आहेत. सामूहिक दाव्यात पालकाला वकिलाची फी खिशातून द्यावी लागत नाही, आणि गट मान्य झाला तर नाव न नोंदवताही तो गटात धरला जातो. तेव्हा दाव्यामुळे गोठवण्याच्या अर्जासाठी वेळ उरत नाही, हे मला पटत नाही.

मला खटकले ते दुसरेच. प्रत्येक पालकाने आपापले दार लावून घेतले आणि प्रकरण तिथेच संपले, तर पोर्टलला दुहेरी ओळखतपासणी का नव्हती, जुन्या नोंदी इतकी वर्षे का ठेवल्या होत्या, याचे उत्तर शपथेवर कोण देणार? टोरोंटोच्या शाळामंडळाने १९८५पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती यात गेली असू शकते, असे जाहीर केले होते. म्हणजे आज पन्नाशीकडे झुकलेली माणसेही या चोरीत ओढली गेली. कुलूप लावण्याचा सल्ला योग्यच आहे, पण चावी ज्याने हरवली त्याला जाब विचारणे हे काही वकिलांचे खूळ नव्हे.

रानजाई

आम्ही आठ वर्षे अमेरिकेत राहून पुण्याला परतलो. मुलीचा जन्म तिकडचा, त्यामुळे तिचा सोशल सिक्युरिटी क्रमांक जिवंत आहे आणि तिच्या जुन्या शाळेतील नोंदही. एका वेगळ्याच गळतीचे पत्र आमच्या जुन्या पत्त्यावर गेले आणि तिथल्या शेजाऱ्यांनी फोटो पाठवला म्हणून आम्हाला कळले. परतलेल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे: मूल शाळा सोडते, नोंद सोडत नाही. पुण्यातून टपालाने तिन्ही ठिकाणी अर्ज करता आले, मात्र पत्त्याच्या पुराव्यावरून एका ठिकाणी कागद परत आले आणि पुन्हा पाठवावे लागले.

एक भर घालते. गोठवण्याने नवे कर्ज थांबते, सगळे थांबत नाही. मुलाचा क्रमांक कोणी करविवरणपत्रात अवलंबित म्हणून वापरला, तर क्रेडिट ब्युरोला त्याचा पत्ताच लागत नाही. त्यासाठी अमेरिकन करखात्याचा सहा आकडी ओळखसंरक्षण क्रमांक मुलांसाठीही मागता येतो. तो दरवर्षी बदलतो आणि त्याशिवाय त्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावरचे इलेक्ट्रॉनिक विवरणपत्र स्वीकारले जात नाही. ज्यांची मुले एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहेत त्यांच्याकडे सहसा सोशल सिक्युरिटी क्रमांकच नसतो, म्हणून ते निर्धास्त असतात. त्यांच्या मुलांचे नाव, जन्मतारीख, शाळा आणि आईवडिलांचे फोन क्रमांक मात्र फुटलेले असतात, आणि मुलाचे नाव व इयत्ता अचूक सांगणारा फोन आला की भले भले फसतात.

ऑस्टिनची आई

सगळे जण कंपनीबद्दल बोलत आहेत. माझा राग डिस्ट्रिक्टवर आहे. मुलाच्या शिक्षणासाठी त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागत नाही. संघीय मार्गदर्शनानुसार तो दिला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि मागितला तर तो ऐच्छिक असल्याचे सांगावे लागते. तरीही कित्येक अर्जांत तो रकाना इतर रकान्यांच्या रांगेत बसवलेला असतो आणि पालक निमूटपणे भरतात. जे गोळाच केले नसते ते चोरीलाही गेले नसते. म्हणून दावा लावायचाच, तर तो डिस्ट्रिक्टवरही लावावा, असे माझे ठाम मत आहे.

फळा आणि खडू

मी एका सार्वजनिक शाळेत अकरा वर्षे शिकवले आहे, आणि या प्रतिसादाला माझा विरोध आहे. डिस्ट्रिक्टकडून वसूल झालेला प्रत्येक डॉलर शेवटी कोणत्या तरी वर्गातून जातो: आधी ग्रंथपाल कमी होतो, मग समुपदेशक. खंडणी नाकारणाऱ्या डिस्ट्रिक्टचेही भले झालेले नाही. लॉस एंजेलिसने २०२२ मध्ये आणि मिनियापोलिसने २०२३ मध्ये पैसे दिले नाहीत, आणि दोन्ही ठिकाणी चोरांनी माहिती उघड्यावर टाकली. मिनियापोलिसमध्ये तर मुलांवरील अत्याचारांच्या तक्रारींसारखे अत्यंत नाजूक कागद त्यात होते. अशा मुलाला क्रेडिट गोठवून काय दिलासा मिळणार, हा प्रश्न मला मूळ लेखकांनाही विचारायचा आहे.

शिवाय सार्वजनिक संस्थेवर दावा लावण्याची वाट अरुंद आहे. अनेक राज्यांत तिला कायद्याचे कवच असते, आणि आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ही मुदत न्यूयॉर्कमध्ये सर्वसाधारणपणे ९० दिवसांची, तर कॅलिफोर्नियात अशा बहुतेक दाव्यांसाठी सहा महिन्यांची आहे. मूल अल्पवयीन आहे म्हणून ती आपोआप थांबेल, असे कोणी गृहीत धरू नये. माझ्या मते हे काम राज्याच्या ॲटर्नी जनरलचे, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचे, आहे. टेक्सासने सप्टेंबर २०२५ मध्ये ८ लाख ८० हजारांहून अधिक टेक्सासवासीयांच्या वतीने पॉवरस्कूलवर दावा दाखल केला, आणि इल्युमिनेट एज्युकेशन या दुसऱ्या कंपनीला कॅलिफोर्निया, कनेक्टिकट व न्यूयॉर्क या राज्यांशी ५१ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

सह्याद्रीपार

ती तडजोड नोव्हेंबर २०२५ची, गळती मात्र २०२१-२२ची. राज्याच्या भरवशावर राहिलेल्या मुलाची इतक्यात जवळपास चार इयत्ता पुढे सरकतात. आणि अशा तडजोडीतील दंड राज्याकडे जातो, मुलाकडे नव्हे. मी राज्याच्या कारवाईच्या विरोधात नाही, पण ती पालकांच्या दाव्याची जागा घेऊ शकत नाही.

ऑस्टिनची आई

ग्रंथपालाचा मुद्दा मला लागला, हे मान्य करते. पण मग डिस्ट्रिक्टला तो रकाना पुसायला कोण लावणार? विनंत्या करून झाल्या आहेत.

एडिसनकर (धागालेखक)

फळा आणि खडू यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ज्या मुलाची तक्रार किंवा आजार उघड झाला, त्याच्या बाबतीत क्रेडिट ब्युरोचे कुलूप निरर्थक आहे. मी सगळी हानी पैशाच्या हिशेबात मोजली, ही माझ्या मांडणीतील मोठी उणीव होती. अशा कुटुंबांनी स्वतंत्र वकिलाचा सल्ला नोटिशीची मुदत संपण्याआधी घ्यावा, असा बदल मी माझ्या मतात करतो.

ऑस्टिनच्या ताईंना मात्र विनंतीपेक्षा ठोस एक मार्ग सुचवतो. ज्या फेर्पाच्या आधारे दावा लावता येत नाही, त्याच कायद्याने पालकाला मुलाच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे आणि डिस्ट्रिक्टला तो ४५ दिवसांच्या आत पुरा करावा लागतो. लेखी अर्ज करून मुलाची संपूर्ण नोंद पाहायला मागावी, सोशल सिक्युरिटी क्रमांक दिसला तर तो काढून टाकण्याची मागणी त्याच पत्रात नोंदवावी, आणि त्याची प्रत शाळामंडळाच्या पुढील बैठकीत सभासदांना द्यावी. अर्जाचा मसुदा मी या आठवड्यात तयार करून इथेच लावतो. मी न्यू जर्सीत राहतो; तिथल्या बाहेरील पालकांनी आपापल्या राज्याच्या नियमांप्रमाणे त्यात काय बदलावे लागेल ते सांगावे.