मंडळीतील तक्रारी आणि सेवा

जय ख्रिस्त. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जुने पंच (कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि तरुण संघ यांच्यात कामावरून कुरबुरी सुरू झाल्या तर पाळकांनी (पास्टरांनी) त्या वेळीच दाबून टाकाव्यात, असे एका बंधूंनी लिहिले आहे. मला ते मुळीच पटत नाही. बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पाहावा: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी (येशूच्या मुख्य शिष्यांनी) सर्वांना बोलावून सात जण निवडायला सांगितले, त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. एवढा विश्वास टाकायला मोठे मन लागते.

सांगलीत २०१९ च्या महापुरात आमच्या मंडळीने पूरग्रस्तांसाठी स्वयंपाक केला, तेव्हा वर्षानुवर्षे हिशेब पाहणारे एक ज्येष्ठ पंच कांदे चिरत बसले होते आणि शिध्याची वही कॉलेजातल्या एका मुलीकडे होती. तेल किती उरले, हे ते तिलाच विचारत.

पैशाबाबत मात्र नुसता विश्वास पुरत नाही. दानार्पण दोघांनी मिळून मोजावे, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्यात कोणी अपमान मानू नये. यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी नेताना कोणी दोष लावू नये म्हणून प्रेषित पौलानेही इतरांना सोबत घेतले होते (बायबल, २ करिंथ ८). आपल्या मंडळीत या कुरबुरींवर बैठक ठरली असेल, तर तरुणांपैकी दोघांना पंचांच्या शेजारी बसवून आधी त्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे, असे मी कळकळीने सुचवतो.