चाळिशीनंतर सभाधीटपणा शिकता येतो का?

प्रश्न

मी हिशेब विभागात काम करते. टेबलाभोवती पाच-सहा जण असतील तर मला बोलायला काहीच अडचण येत नाही. उभं राहून बोलायचं म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो. गेल्या तिमाहीचा जमाखर्च चाळीसेक लोकांसमोर मांडायचा होता. बारा मिनिटांचं भाषण शब्द न् शब्द पाठ केलं होतं. तिसऱ्या मिनिटाला एक वाक्य निसटलं आणि पुढचं सगळंच गेलं. हातातला कागद इतका थरथरत होता की त्याची फडफड माइकमधून ऐकू येत होती. उरलेले आकडे मान खाली घालून वाचले आणि जागेवर येऊन बसले. कुणी काहीच बोललं नाही, ते जास्त लागलं.

अठरा दिवसांनी पुन्हा उभं राहायचंय. पाठ करू की नको? आणि ही थरथर कधी जाते का?

प्रतिसाद १

पाठ करू नका. पाठांतर साखळीसारखं असतं, एक कडी तुटली की पुढची हाताला लागत नाही. तुमचं नेमकं तेच झालंय. सुरुवातीची तीन-चार वाक्यं आणि अगदी शेवटचं वाक्य, एवढंच तोंडपाठ ठेवा. छाती सर्वांत जास्त धडधडते ती सुरुवातीलाच, मग बहुतेकांची हळूहळू उतरते. तो पहिला मिनिटभराचा चढ पाठ केलेल्या वाक्यांवर पार पडतो.

मधल्या भागासाठी चार-पाच आकडे निवडा आणि प्रत्येकासमोर एक प्रश्न लिहा: 'हा खर्च का वाढला?' टेबलापाशी सहकाऱ्यानं विचारलं असतं तर तुम्ही सहज सांगितलं असतंत ना? तेच उत्तर उभ्यानं द्यायचं. तुम्हाला बोलता येतं, हे तुम्हीच वर लिहिलंय.

थरथर अ‍ॅड्रेनलिनमुळे होते. शरीर पळायच्या तयारीत असतं, म्हणून घशाला कोरड, गार हात आणि वरवरचा श्वास. हात थोडासा हलला तरी मोठा कागद खूप हलतो. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढे जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, किंवा टिपणं समोरच्या स्टँडवर ठेवा. बोलायच्या आधी पाचेक मिनिटं श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं की धडधड थोडी उतरते.

सराव उभं राहून आणि मोठ्यानं करा. मनातल्या मनात केलेला सराव मी धरतच नाही. तीस वर्षांचा होईपर्यंत मी तसाच करत होतो, आणि दर वेळी स्वतःचाच आवाज ऐकून दचकायचो.

आणखी एक. तुमची भीती तुम्हाला वाटते तेवढी लोकांना दिसत नाही. साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये वक्त्यांवर हे तपासलं होतं. ज्यांना ही गोष्ट आधी सांगून ठेवली होती, त्यांची भाषणंही जास्त चांगली झाली. माझ्यासाठी हा फार मोठा दिलासा होता.

प्रतिसाद २

श्वासाचं पटलं, पण 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावून माझं कधी भागलं नाही. अंगातलं सगळं धावत असताना मन थांबवायचं कसं? अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेच्या 2014 च्या प्रयोगांत, भाषणाआधी 'मला उत्साह वाटतोय' असं म्हणणाऱ्यांची कामगिरी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. मी ते मोठ्यानं म्हणते, जिन्यात उभी राहून.

प्रतिसाद ३

कुणीतरी तुम्हाला प्रोप्रानोलॉलची गोळी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. त्यानं धडधड आणि थरथर कमी होते हे खरं, पण दम्याच्या रुग्णांना ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना न विचारता दुसऱ्याची गोळी घेऊ नका.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री उभी राहून बोलले आणि फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकताना कळलं की माझं पहिलंच वाक्य 'मला फारसं बोलता येत नाही, सांभाळून घ्या' असं होतं. ते काढून टाकलं. आता सुरुवात थेट 'या तिमाहीत प्रवासखर्च दुप्पट झाला' इथून होते. बारा मिनिटांचं नऊवर आलं. पण नंतरच्या प्रश्नांचं काय? त्यांचा सराव कसा करायचा?

प्रतिसाद १

ते पहिलं वाक्य फार छान झालंय, बदलू नका.

प्रश्नांसाठी एका सहकाऱ्याला समोर बसवा आणि आकड्यांवर आडवेतिडवे विचारायला सांगा. प्रश्न आला की तो आपल्या शब्दांत सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हणा. मागच्यांना प्रश्न कळतो आणि तुम्हाला विचाराला चार-पाच सेकंद मिळतात. आकडा हाताशी नसेल तर 'तपासून उद्या कळवते' म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच कळवा. झाल्यावर इथे नक्की लिहा, वाट पाहतोय.