मदत हवी आहे: जांभ्याच्या चढासाठी मारुती जिम्नी की महिंद्रा थार, आणि मर्यादित पैशांत कोणते बदल करावेत?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. डांबरी रस्ता संपल्यापासून बागेपर्यंत सुमारे दीड किलोमीटरची गाडीवाट आहे आणि माझा सगळा प्रश्न त्या वाटेचाच आहे. सुरुवातीला एक पऱ्या ओलांडावा लागतो. त्याला पावसाळ्यात एरवी पोटरीभर पाणी असते आणि लोंढा आला तर आम्ही अलीकडेच थांबतो, त्यामुळे स्नॉर्केलची (इंजिनासाठी हवा उंचावरून घेणाऱ्या नळीची) आवश्यकता वाटत नाही. खरी अडचण पुढच्या चढावर आहे. तेथील जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते, आणि वळणावर पाण्याने पाडलेल्या घळीमुळे पुढचे एक चाक आणि मागचे विरुद्ध बाजूचे चाक एकाच वेळी हलके होते. सध्याची टू-व्हील ड्राइव्ह गाडी तेथे चाके नुसती फिरवत राहते आणि खताची पोती डोक्यावरून न्यावी लागतात.

नवीन गाडी, कर, विमा आणि सर्व बदल मिळून 18 लाखांपलीकडे जाणे शक्य नाही. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्ही अ‍ॅक्सलला मेकॅनिकल डिफरेन्शियल लॉक (एक चाक मोकळे फिरू लागले तरी जोडीचे चाकही तितकेच फिरवणारी यंत्रणा) मिळतात, आणि या चढासाठी तीच सर्वांत योग्य ठरली असती. पण ती या रकमेत बसत नाही. उरतात जिम्नी आणि तीन दारांची थार डिझेल 4x4 (चारही चाकांना जोर देणारी). जिम्नी घेतल्यास बदलांसाठी पुरेसे पैसे हाताशी राहतात. थारच्या बाबतीत, महाराष्ट्रात डिझेल गाडीवरील कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी अधिक असल्यामुळेही, जवळजवळ काहीच उरत नाही.

जिम्नीची रुंदी 1,645 मिमी आहे. थार तिच्यापेक्षा जवळपास वीतभर रुंद आहे, आणि आमच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचा गडगा असल्यामुळे हा फरक मला मोठा वाटतो. शिवाय जिम्नी वजनाने बरीच हलकी आहे आणि तिचे पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड आहेत, म्हणजे डावे-उजवे चाक एकाच दांड्यावर आहे. याउलट तिच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) 134 न्यूटन-मीटर, तर थार डिझेलचा 300. चार पोती आणि दोन माणसे घेऊन लो रेंजमध्ये (कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) हा चढ जिम्नी निवांत चढेल का, की इंजिन सतत ताणावे लागेल? थार 650 मिमी पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते, परंतु आमच्या पऱ्यासाठी तेवढ्याची गरज नाही.

माझी मुख्य शंका मात्र वेगळीच आहे. जिम्नीत मोकळे फिरणारे चाक ब्रेकने धरून जोर दुसऱ्या चाकाकडे दिला जातो. कोरड्या चढावर हे उत्तम चालत असेल. पण शेवाळावर, वेग जवळपास शून्य असताना, ही यंत्रणा वेळेत काम करते का, की चाक थोडे फिरू द्यावे लागते आणि तेवढ्यात गाडी आडवी सरकते? थारच्या ज्या श्रेणीत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल मिळते, तिच्यासाठी अधिक पैसे मोजणे त्यामुळे योग्य ठरेल का?

बदलांबाबत विक्रेते सर्वप्रथम लिफ्ट किट पुढे करतात, आणि मला नेमके तेच नको आहे. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) मुळातच 210 मिमी आहे. उंची वाढवल्यावर कॅस्टर कोन (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या आसाचा कल) बदलून स्टिअरिंग बिघडते आणि वॉरंटीचा वाद होतो तो निराळाच. मूळच्या 195/80 आर15 टायरऐवजी 215/75 आर15 मापाचे ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर घालण्याचा विचार आहे. त्याने व्यास फक्त 10 मिमीच्या आसपास, म्हणजे उंची जेमतेम 5 मिमी वाढते. पण मला उंची नको, पकड हवी आहे. त्याशिवाय पोटाखाली जाड पत्र्याची प्लेट, अडकलेली गाडी ओढायचा रिकव्हरी पट्टा, तो जोडायची कडी (शॅकल) आणि टायरची हवा कमी करून पुन्हा भरण्यासाठी चांगला काँप्रेसर एवढेच घ्यायचे आहे. क्रॅश गार्ड (बंपरवर बसवायचा धातूचा दांडा) लावणार नाही. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे उल्लंघन ठरतो, आणि एका बेकायदेशीर बदलास 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आधीच अरुंद वाटेवर तो गडग्याला घासणार, हे आणखी एक.

ओल्या जांभ्यावर ऑल-टेरेन टायर पुरतात की मड-टेरेनच घ्यावेत? मड-टेरेनच्या रुंद खाचा चिखलात उपयोगी पडतात हे मान्य, परंतु आमच्या चढावर चिखल कमी आणि गुळगुळीत कातळ अधिक आहे, शिवाय महिन्यातून काही वेळा हीच गाडी कोल्हापूरपर्यंत न्यावी लागते. अशा दगडावर पावसाळ्यात टायरची हवा किती ठेवता, हेही कृपया सांगावे.

ज्यांनी यांपैकी कोणतीही गाडी कोकणात भर पावसात भारासह चालवली आहे त्यांचे मत मला सर्वांत मोलाचे वाटेल. आणि रत्नागिरी-कोल्हापूर पट्ट्यात पोटाखालची प्लेट, चासीला नवीन भोके न पाडता मूळच्याच बोल्टांवर, नीट बसवून देणारे गॅरेज कोणाला ठाऊक असेल तर तेही कळवावे.