तेल कंपनीचा पीई खाली आहे म्हणून ती स्वस्त?

विहीरवाला:
"ओएनजीसीचा पीई एक आकडी, बाजाराचा वीसच्या वर, डोळे झाकून घ्या" ही परवाची पोस्ट वाचून राहवलं नाही. ओएनजीसी म्हणजे जमिनीतून तेल आणि गॅस काढणारी आपली सरकारी कंपनी. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा, आणि तो दोन कारणांनी खाली येतो. शेअर पडतो, नाहीतर नफा फुगतो. तेलात बहुतेक वेळा दुसरं कारण असतं. एक्झॉनमोबिल ही अमेरिकी तेल कंपनी बघा. 2020 मध्ये 22 अब्ज डॉलर तोटा, 2022 मध्ये 55 अब्जांवर नफा. धंदा तोच, फिरला तो क्रूड आणि गॅसचा भाव. शेअर मातीमोल होता तेव्हा तोट्यामुळे पीई निघतच नव्हता, आणि नफा शिखरावर गेल्यावर तोच शेअर स्वस्त दिसायला लागला. शिवाय एकदा उपसलेलं बॅरल पुन्हा विकता येत नाही. शेल या तेल कंपनीने जानेवारी 2004 मध्ये आपले सिद्ध साठे (जमिनीखालचं, खात्रीने काढता येईल असं तेल-गॅस) 3.9 अब्ज बॅरलने, म्हणजे साधारण 20 टक्क्यांनी, कमी करून टाकले. मार्चमध्ये अध्यक्ष फिलिप वॉट्स यांना जावं लागलं. आदल्या दिवशीच्या पीईत याचा मागमूस तरी होता का?

लाभांशभक्त:
साहेब, दिवसभर नोकरी करून रात्री मोबाइलवर शेअर बघणाऱ्याने साठ्यांचे तक्ते कधी वाचायचे? माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून एका तेल कंपनीचे शेअर घेतले ते पीई आणि लाभांश एवढंच बघून. लाभांश जमा झाला की पासबुकातल्या त्या नोंदीखाली लाल पेनाने रेघ ओढायचे. बहिणीच्या कॉलेजची फी त्यातून भरली. तुमचं एक्झॉन तुमच्यापाशी ठेवा.

विहीरवाला:
रेघ लाभांशाखाली ओढली ना, पीईखाली नाही! लाभांश रोकडीतून येतो, मग रोकड बघा.

कर्जतकर:
पीई आणि साठे दोन्ही गुंडाळून ठेवा, मालक कोण ते बघा. क्रूड महाग होतं तेव्हा वर्षानुवर्षं तेल कंपन्यांच्या अंडर-रिकव्हरीचा, म्हणजे इंधन खर्चापेक्षा कमी भावात विकून येणाऱ्या तुटीचा, वाटा ओएनजीसीच्या माथी मारला. जानेवारी 2018 मध्ये सरकारची तूट भरायला तिच्याकडून 36,915 कोटींना एचपीसीएल ही पेट्रोल-डिझेल विकणारी सरकारी कंपनी घ्यायला लावली, तीही कर्ज काढून. 1 जुलै 2022 ला भाव चढलेला बघून टनामागे 23,250 रुपयांचा विंडफॉल टॅक्स, म्हणजे भाव चढून अचानक मिळालेल्या नफ्यावरचा जादा कर. भाव पडला की तोटा भागधारकाचा, चढला की मलई दिल्लीची. अशा शेअरला कमी पीई मिळणारच. बाजार मूर्ख नाही.

समुद्रावरचा:
तेल देशाचं आहे, तुमच्या डीमॅट खात्याचं नाही. ब्रिटननेही मे 2022 मध्ये असाच कर लावला, तिथे कुठे सरकारी मालक होता? आपल्याकडचा डिसेंबर 2024 मध्ये काढून टाकला, ते सोयीस्कर विसरलात. मी जुहूहून हेलिकॉप्टरने मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर जाऊन ड्यूटी केली आहे. तिथे 1976 पासून तेल निघतंय. जुन्या विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त वर येतं. ते वेगळं करायचं, दाब टिकवायला पाणी पुन्हा खाली सोडायचं, गंजलेल्या पाइपलाइन बदलायच्या. हा खर्च कुणाला दिसत नाही, आणि एसीत बसून मलईच्या गप्पा!

कर्जतकर:
एसीचं काढू नका. देशाचं तेल होतं तर मार्च 2004 मध्ये 750 रुपयांनी शेअर जनतेला विकले कशाला? विकताना आम्ही भागधारक आणि वाटून घ्यायची वेळ आली की आम्ही लोभी?

समुद्रावरचा:
जोखीम माहीत असूनच घेतलेत ना? कुणी जबरदस्ती केली नव्हती.

ताळेबंद:
भांडण चालू द्या, पण मूळ मुद्द्यावर एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आपल्याकडच्या पद्धतीत शोधविहीर कोरडी निघाली की तिचा सगळा खर्च नफ्यातून वजा होतो. म्हणजे जी कंपनी उद्यासाठी नेटाने शोध घेते तिचा नफा कमी आणि पीई महाग. जी जुन्या विहिरी पिळत बसते ती स्वस्त दिसते. अमेरिकेत तर हाच खर्च भांडवलात धरून वर्षानुवर्षं वाटून टाकायचीही मुभा आहे. सारख्याच विहिरी, सारखंच तेल आणि दोन वेगळे पीई. मी आधी शोधखर्च, घसारा, व्याज, कर वजा करण्यापूर्वीची कमाई बघतो. तिच्याशी कर्जासकट कंपनीची किंमत ताडतो. मग यंदा जितकं तेल उपसलं तितके नवे साठे मिळाले का, ते.

लाभांशभक्त:
बरं, एका वर्षाच्या नफ्यावर पीई काढणं चूक, एवढं मान्य. दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर काढतो. आता तरी समाधान?

विहीरवाला:
अर्धं. सरासरीने भावाचे चढउतार सपाट होतील, पण दहा वर्षांपूर्वीचा नफा ज्या विहिरींचा होता, त्यातल्या किती आज चालू आहेत?

कर्जतकर:
आणि त्या दहा वर्षांतला किती नफा सरकारने आधीच उचलला, तोही आकडा घ्या. 750 चं उत्तर अजून मिळालेलं नाही.