अनुभव धागा: इतिहासाच्या तासाला सिनेमा

कोकणातल्या शाळांत आठवी ते दहावीला चित्रपट दाखवून इतिहास शिकवणाऱ्यांनी इथे लिहावं. मतं नकोत, कृती हवी. कुठला तुकडा, किती मिनिटं, काय बिघडतं आणि का.

महाड
जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' तीन तासांच्या घरात जातो आणि आपली तासिका 35 मिनिटांची. चवदार तळ्याचा प्रसंग तेवढा घ्यावा. तो लावण्याआधी फळ्यावर चार नोंदी हव्यात: 1923 मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव (सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले), 1924 महाड नगरपालिकेचा तळं खुलं करणारा ठराव, 20 मार्च 1927 सत्याग्रह, मार्च 1937 हायकोर्टाचा निकाल. मग एकच प्रश्न: तळं कागदावर खुलं झालं होतं, तर सत्याग्रह कशाला करावा लागला? उत्तर पडद्यावर शोधू द्यावं, आपण सांगू नये. निकालाला लागलेली दहा वर्षं कुठल्याच दृश्यात मावत नाहीत, ती मात्र सांगावीच लागतात.

वेंगुर्ले तालुका
मिठाच्या सत्याग्रहासाठी 'गांधी' (1982) मधला धारासनाचा, म्हणजे गुजरातमधल्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचा प्रसंग. आधी आवाज बंद करून, मग आवाजासह असा दोनदा लावा. संगीत आपल्याला कुठे नेतं ते मुलांना लगेच कळतं. लाठीमार अंगावर येतो, त्यामुळे आठवीला आधी सांगून ठेवा. नंतर तपासणी: वॉकर हा वार्ताहर काल्पनिक, ती बातमी जगभर पोचवली युनायटेड प्रेसच्या वेब मिलरने. धारासना 21 मे 1930 चं, गांधीजींना अटक 5 मे लाच झालेली. त्याच मे महिन्यात आपल्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला, तो या सिनेमात नाही. तिथून मुलांना स्थानिक माहिती गोळा करायला लावता येते. 191 मिनिटं सलग दाखवायचा मोह टाळा. मुलं झोपतात आणि त्यात त्यांची चूक नसते.

रत्नागिरी, यंत्रांची बाजू
पत्र्याच्या छपरावर जुलैचा पाऊस सुरू झाला की संवाद संपले. स्पीकर पडद्याशेजारी न ठेवता वर्गाच्या मध्यावर दोन्ही बाजूंना ठेवा आणि सबटायटल लावा. 3000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टरही खिडक्या झाकल्याशिवाय फिकाच दिसतो. चादर सुरकुतते, प्लायला मॅट पांढरा रंग लावलेला बरा. दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात. म्हणून प्रोजेक्टर सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवायचा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं चालवायचा. दिव्याचा प्रोजेक्टर इन्व्हर्टरवरच हवा: लाईट गेली की पंखा थांबतो, दिवा तापलेला राहतो, आणि तो निवेपर्यंत परत चालू होत नाही. तास गेला.
ओटीटी अ‍ॅपमधून जुन्या व्हीजीए कन्व्हर्टरने दाखवायला गेलात तर आवाज येतो, चित्र काळं. संरक्षित व्हिडिओ तसा बाहेर जाऊच देत नाहीत. डीव्हीडी बरी.

पोलादपूर
'तान्हाजी' (2020) लावला की टाळ्या-शिट्ट्या ठरलेल्या. तानाजींचं उमरठ गाव इथून जवळ, त्यामुळे जास्तच. टाळ्या थांबवू नका, पण सुरुवातीची 'काल्पनिक स्वातंत्र्य घेतलं आहे' छापाची सूचना पडद्यावर थांबवून मोठ्याने वाचून घ्या. मग वहीत तीन रकाने: पडद्यावर दिसलं, सभासद बखरीत (शिवाजी महाराजांचं जुनं मराठी चरित्र) आहे, बखरीत नाही. बखरीतला उतारा अर्ध्या पानापेक्षा मोठा देऊ नका, जुनी भाषा मुलांना अडते. दहा मिनिटांचा तुकडा, पंधरा मिनिटं रकाने, उरलेल्या वेळात चर्चा. तिसरा रकाना सर्वांत लांब होतो, आणि खरा अभ्यास तिथेच होतो. पुरंदरच्या तहाचे 23 किल्ले आधी नकाशावर दाखवले नसतील तर कोंढाणा मुघलांकडे कसा गेला हेच मुलांना कळत नाही.

महाड (पुन्हा)
परवानगीबद्दल विचारणा झाली म्हणून: कॉपीराइट कायदा 1957, कलम 52. शाळेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो. प्रेक्षक मात्र शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी थेट संबंधित माणसं एवढेच. गावाला बोलावून तिकीट लावलंत तर ही सवलत नाही.

वेंगुर्ले तालुका
दहावीला वेगळा तास मागायची गरज नाही. पुस्तकात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' हा पाठ आहे, त्याच तासात बसवा.