रोजच्या वस्तूंचा छापा: बडोदेकर ग्राफिक्सवाल्यांनो (म्हणजे छापचित्रं करणाऱ्यांनो), अनुभव लिहा

दांडियाबाजारवाली: परवा खंडेराव मार्केटपाशी कॉलेजातली एक मुलगी भाजीच्या पाट्या रेखाटत बसली होती. फाईन आर्ट्सच्या प्रेसचा रॉकेलमिश्रित वास एकदम नाकात आला! रोजच्या वस्तू छाप्यात आणताना काय टिकतं, काय फसतं, लिहा. सुरुवात करते. लिनोला (लिनोलियमची लादी कोरून छापायचं तर) रंग विसरा, कड बघा. भेंडी आडवी कापली की पंचकोन आयता. टोमॅटो म्हणजे नुसता काळा गोळा.

कानस: लिनो थंडीत कडक होतो, आधी जरा उन्हात ठेवा. रेघ व्ही आकाराच्या कोरणीने, मोकळी जागा यू आकाराच्या. रेघेच्या भिंती उतरत्या ठेवा, खालून पोखरल्यात तर दाबाखाली तुटणारच. दुकानाच्या पाट्या घेताय तर अक्षरं उलटी कोरायची, ट्रेसिंग पालथं घाला.

चुरचुर: काचेवर रोलर चुरचुरला पाहिजे. पचपचला की शाई जास्त, बारीक रेघा बुजल्याच. प्रेस नसेल तर पातळ कागद आणि स्टीलच्या चमच्याची पाठ, मधून कडेकडे.

सुरसागर_काठ: चमचा वेगळा ठेवा हो, आई भाजीत घालेल 😄

झिंकवाला: बांधणी, मच्छरदाणी, गोणपाट यांना लिनो नको, सॉफ्ट ग्राउंड, म्हणजे प्लेटवर मऊ मेणाचा थर. झिंकच्या (जस्ताच्या) प्लेटवर ग्राउंड, वर कापड, वर बटर पेपर, हलक्या दाबाने एकदाच प्रेसमधून. कापड अलगद उचललं की वीण तेवढी उघडी. मग उघडी जागा खायला नायट्रिक आम्ल, १ भागाला साधारण १० भाग पाणी. आधी पाणी, मग आम्ल, उलटं कधीच नाही. बुडबुडे चिकटले की तिथे खाणं अडतं, पिसाने झटका. मे महिन्यात आम्ल भराभर खातं, थंडीतली वेळ धरलीत तर ग्राउंड सुटतं. हातमोजे, उघडी खिडकी. तांब्याला फेरिक क्लोराईड, पण गाळ खाचेत बसतो, म्हणून प्लेट पालथी ठेवा.

कानस: आणि कडा ४५ अंशांत घासा! नाहीतर कागद फाटतो, प्रेसचं ब्लँकेट कापलं जातं, मग सगळं डिपार्टमेंट तुमच्या नावाने ओरडतं.

मांडवी_गेट: आपल्या बडोद्याचे छापचित्रकार ज्योतिभाई भट्ट, त्यांचे छापे बघा म्हणावं त्या मुलीला. साठच्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या भिंती, अंगणं, गोंदणं यांचे फोटो काढले, आणि ते पोपट-मोर छाप्यांत किती बेमालूम आलेत.

सुरसागर_काठ: सेव-उसळीतली शेव चिकटवून छापता येईल का? खरंच विचारतोय.

झिंकवाला: चुरा होईल, तेलावर लाख धरणार नाही. कोलाग्राफ (वस्तू चिकटवलेल्या प्लेटचा छापा) करायचाय ना? पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने सुतळी, गॉज, पिंपळाचं वाळकं पान. उंची २ मिमीच्या आत. वरून शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात, नाहीतर पुठ्ठा शाई पितो आणि कागद चिकटतो.

दांडियाबाजारवाली: पावसाळ्यात मात्र तेलाची शाई वाळता वाळत नाही. छापे एकावर एक रचू नका, दोरीवर टांगा.

चुरचुर: शेलॅक कुठे मिळेल?

कानस: फर्निचर पॉलिशवाल्याकडे. चपड्या (लाखेचे पातळ पापुद्रे) मागा, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून गाळा.